पुढे एक सर्व्हर, मागे एक सर्व्हर

जँगो हे पायथनचे वेब फ्रेमवर्क शिकणाऱ्याच्या लॅपटॉपवर सगळे सुरळीत चाललेले असते. 'रनसर्व्हर' म्हटले की 8000 या पोर्टवर साइट उघडते, फॉर्म भरले जातात, फोटो दिसतात. मग तो भाड्याने एक लिनक्स सर्व्हर घेतो आणि तिथेही हेच चालवायला जातो. जँगोचे अधिकृत मार्गदर्शन त्याला तिथेच अडवते: 'रनसर्व्हर' फक्त शिकण्यापुरता आणि ॲप लिहीत असताना वापरण्यापुरता आहे, लोकांसाठी साइट उघडायची तर गुनिकॉर्नसारखा ॲप्लिकेशन सर्व्हर घ्या. बरे, गुनिकॉर्न बसवला. लगेच पुढची सूचना येते की गुनिकॉर्नच्या पुढे एंजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा. एका छोट्या साइटला दोन-दोन सर्व्हर कशाला, असा प्रश्न नवशिक्याला पडतो आणि तो अगदी रास्त आहे. बहुतेक जण उत्तर न शोधता कुठूनतरी दहा ओळी उचलून चिकटवतात. साइट चालते. ती बंद पडते तेव्हा मात्र त्या दहा ओळींपैकी कोणती कशासाठी होती, हे सांगता येत नाही.

सुरुवातीच्या वेबवर सर्व्हरचे काम साधे होते. मागितलेली फाइल डिस्कवरून उचलायची आणि द्यायची. 1993 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेच्या सर्व्हरबरोबर सीजीआय नावाची पद्धत आली आणि फाइलऐवजी प्रोग्रॅम चालवून त्याचे उत्तर पाठवता येऊ लागले. यात एकच अडचण होती, पण मोठी. प्रत्येक रिक्वेस्टसाठी प्रोग्रॅम नव्याने सुरू व्हायचा, डेटाबेसशी नव्याने जोडला जायचा, उत्तर द्यायचा आणि संपायचा. साइटवर गर्दी वाढली की सर्व्हरचा बराचसा वेळ प्रोग्रॅम सुरू करण्यातच जाई. तेव्हा प्रोग्रॅम एकदाच मेमरीत आणून जागा ठेवायचा, हा मार्ग निघाला. जावाच्या जगात टॉमकॅट आला. सन मायक्रोसिस्टिम्सने 1999 मध्ये तो अपाचे फाउंडेशनच्या स्वाधीन केला. पायथनमध्ये 2003 साली डब्ल्यूएसजीआय हा करार ठरला: सर्व्हरने ॲपला कशी हाक मारायची आणि ॲपने उत्तर कोणत्या रूपात द्यायचे, एवढेच त्यात आहे. गुनिकॉर्न हा करार पाळतो. तो तुमचे ॲप मेमरीत घेतो आणि त्याचे काही वर्कर तयार ठेवतो.

किती वर्कर? गुनिकॉर्नचे मार्गदर्शन सांगते की प्रोसेसरच्या कोअरची दुप्पट अधिक एक, इथून सुरुवात करा. दोन कोअरचा सर्व्हर असेल तर पाच. साध्या प्रकारचा वर्कर एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो, आणि खरी गोम इथेच आहे. समजा, कसारा घाटातून जाणाऱ्या एसटीत बसलेल्या कुणीतरी तुमच्या साइटवर फॉर्मसोबत फोटो जोडला. रेंज येते-जाते, फोटो वर चढायला वीस सेकंद लागतात. ही वीस सेकंदे तो वर्कर काहीही न करता थेंब-थेंब येणारे बाइट गोळा करत बसतो. असे पाच प्रवासी जमले की सहाव्याला साइट बंद वाटते. प्रोसेसर मात्र निवांत असतो, मेमरी रिकामी असते. मुद्दाम असे वागून सर्व्हर अडकवायची युक्तीही आहे. 2009 मध्ये रॉबर्ट हॅन्सन या सुरक्षातज्ज्ञाने 'स्लोलोरिस' नावाच्या प्रोग्रॅमने ती दाखवून दिली होती. अर्धवट रिक्वेस्ट संथपणे पाठवत राहायची. तेव्हाच्या अपाचे सर्व्हरला ठप्प करायला एक साधा संगणक पुरत असे.

संथ ग्राहकांचा हा प्रश्न त्याआधीच चर्चेत आला होता. 1999 मध्ये डॅन केगेल यांनी 'सी-टेन-के' या नावाने तो मांडला: एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या? प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रोसेस द्यायची पद्धत इथे कोसळते. मॉस्कोत रॅम्बलर या रशियन पोर्टलमध्ये सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर असलेल्या इगोर सिसोएव्ह यांना हा प्रश्न रोजच्या कामात भेडसावत होता. 2002 च्या सुमारास त्यांनी नवा सर्व्हर लिहायला घेतला आणि ऑक्टोबर 2004 मध्ये तो एंजिनएक्स या नावाने सर्वांसाठी खुला केला. यातला एक वर्कर हजारो जोडण्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवतो. कोणत्या जोडणीवर काही नवे आले आहे हे ऑपरेटिंग सिस्टिमच त्याला कळवते, तेवढ्याच जोडणीचे काम तो करतो आणि पुढे सरकतो. दोन थेंबांच्या मध्ये तो कुणाचीही वाट पाहत थांबत नाही. (रॅम्बलरमध्ये असताना लिहिलेल्या या प्रोग्रॅमच्या मालकीवरून डिसेंबर 2019 मध्ये मॉस्कोतल्या एंजिनएक्स कंपनीच्या कार्यालयावर पोलिसांचा छापाही पडला. त्याच वर्षी एफ-फाइव्ह या अमेरिकी कंपनीने ती कंपनी 67 कोटी डॉलरला विकत घेतली होती. फुकट वाटलेल्या गोष्टीवर हक्क सांगायला लोक केव्हा येतात, ते यावरून दिसते.)

आता दोघांची कामे जुळतात. एसटीतल्या प्रवाशाचा फोटो एंजिनएक्स सावकाश गोळा करतो, पूर्ण झाला की तो एकदम गुनिकॉर्नकडे सरकवतो. एकाच यंत्राच्या आत हा प्रवास क्षणाचा. गुनिकॉर्नचा वर्कर उत्तर तयार करून एंजिनएक्सच्या हवाली करतो आणि मोकळा होतो; ते उत्तर घाटातल्या फोनपर्यंत पोहोचवायला वेळ लागला तर तो एंजिनएक्सचा जातो, जो त्याच्याकडे भरपूर आहे. गुनिकॉर्नच्या माहितीपत्रकात पुढे असा सर्व्हर बसवण्याचा आग्रह धरलेला आहे, तो याच कारणाने. बाकीचे फायदे आपसूक मिळतात. युनिक्स परंपरेत 1024 च्या खालचे पोर्ट उघडायला रूटचे अधिकार लागतात आणि वेबचे पोर्ट तर 80 आणि 443. तुमचे ॲप रूट म्हणून चालवणे धोक्याचे. ते 8000 वर साध्या युजरच्या नावाने चालते, दाराचे पोर्ट एंजिनएक्स उघडतो. एचटीटीपीएसचे प्रमाणपत्रही तोच सांभाळतो. सीएसएस, चित्रे वगैरे फाइली ॲपपर्यंत न नेता तो थेट डिस्कवरून देतो.

ही मांडणी छोट्यांपुरतीच आहे असेही नाही. 2011 च्या अखेरीस इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांनी आपली यंत्रणा जाहीरपणे उलगडली, तेव्हा त्यात हीच त्रयी होती: पुढे एंजिनएक्स, मागे गुनिकॉर्न, त्यात जँगो. अभियंते तीन होते आणि जँगोची यंत्रे पंचवीसपेक्षा जास्त.

प्रत्यक्ष जोडणी एका ओळीची आहे. एंजिनएक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'लोकेशन' नावाचा कंस असतो, म्हणजे कोणत्या पत्त्यांसाठी काय करायचे ते. त्यात 'प्रॉक्सी_पास एचटीटीपी://127.0.0.1:8000;' असे लिहिले की काम झाले; 127.0.0.1 म्हणजे हेच यंत्र. (फाइलमध्ये हे रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायचे आणि शेवटचे अर्धविराम चिन्ह विसरायचे नाही.) अपाचेत यासाठी 'प्रॉक्सीपास' आहे, जोडीला 'प्रॉक्सीपासरिव्हर्स', तत्त्व तेच. बदल केल्यावर 'एंजिनएक्स -टी' म्हणून फाइल तपासायची आणि रीलोड करायचे. रीस्टार्टची गरज नसते. रीलोडमध्ये नवे वर्कर नव्या नियमांनी सुरू होतात आणि जुने हातातली कामे संपवून मगच जातात.

या एका ओळीतही एक खड्डा आहे आणि तो फक्त एका तिरप्या रेघेचा. समजा, ॲप '/दुकान/' या पत्त्याखाली ठेवायचे आहे. प्रॉक्सी_पासच्या ओळीत 8000 नंतर काहीच लिहिले नाही तर ग्राहकाने मागितलेला '/दुकान/यादी' हा पत्ता ॲपकडे जसाच्या तसा जातो. 8000 च्या पुढे फक्त एक तिरपी रेघ दिली, तर 'लोकेशन'मध्ये जुळलेला भाग गाळून त्या जागी ती रेघ येते आणि ॲपला नुसते '/यादी' मिळते. दोन्ही बरोबर आहे, तुमच्या ॲपला काय हवे त्यावर अवलंबून. पण 404 दिसू लागला की लोक जँगोचे पत्ते उलटसुलट करत बसतात आणि ही रेघ कुणी बघत नाही.

मराठी पत्त्यांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. ब्राउझर देवनागरी अक्षर तसेच पाठवत नाही. एका देवनागरी चिन्हाचे तीन बाइट होतात, आणि टक्केवारीच्या खुणेसह ते पत्त्यात नऊ अक्षरे अडवतात. काना, मात्रा, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. एंजिनएक्स मुळात पत्ता असलेली आठ केबीपर्यंतची ओळ स्वीकारतो. गुनिकॉर्नची मर्यादा 4094 बाइट आहे. म्हणजे शोधखिडकीत कुणी मराठीचा लांबलचक परिच्छेद चिकटवला आणि तो पत्त्यातून गेला, तर साडेचारशेच्या आसपास चिन्हांनंतर एंजिनएक्स तो निमूटपणे पुढे पाठवेल आणि गुनिकॉर्न 400 म्हणून परत करेल. इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला हा दोष सहसा सापडत नाही.

जोडणी झाल्यावर खऱ्या अडचणी सुरू होतात, आणि त्यांचे मूळ एकच. सरकारी कचेरीतल्या आवक-जावक टेबलासारखे आहे हे. टपाल येते, लिपिक पाकीट फोडतो, आतला कागद संबंधित साहेबांच्या टेबलावर ठेवतो. पाकीट टोपलीत गेले तर पत्र कुठून आले, कुणाच्या नावे आले, साध्या टपालाने आले की रजिस्टरने, हे साहेबांना कळायला मार्ग राहत नाही. एंजिनएक्स पुढे पाठवतो ती रिक्वेस्ट नव्याने केलेली असते. जुन्या पाकिटावरच्या गोष्टी तुम्ही सांगितल्या तरच तो कागदावर लिहून देतो.

पहिली गोष्ट नावाची. ग्राहकाने तुमच्या डोमेनचे नाव मागितले होते, पण काही न सांगता एंजिनएक्स 'होस्ट' या हेडरमध्ये मागच्या सर्व्हरचा पत्ता घालतो, म्हणजे 127.0.0.1:8000. जँगो आपल्या परवानगीच्या यादीत हे नाव शोधतो, ते सापडत नाही आणि 400 देतो. यावर कुणीतरी त्या यादीत चांदणी टाकून सगळ्याच नावांना परवानगी देऊन टाकतो. असे करू नका. 'प्रॉक्सी_सेट_हेडर' वापरून मूळ नाव पुढे पाठवा.

दुसरी गोष्ट ग्राहकाच्या आयपी पत्त्याची. ॲपच्या दृष्टीने आता प्रत्येक रिक्वेस्ट 127.0.0.1 वरून येते, कारण तिच्याशी बोलणारा एंजिनएक्सच असतो. नोंदवहीत सगळे एकाच घरचे दिसतात इतकेच असते तर चालले असते. पण लॉगिनवर पहारा म्हणून तुम्ही 'एका आयपीवरून पाच वेळा पासवर्ड चुकला तर पंधरा मिनिटे बंद' असा नियम ठेवला असेल, तर जगात कुठेही पाच जणांनी एकेकदा पासवर्ड चुकवला की सगळ्या गावाला कुलूप लागते. त्यासाठी 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हा हेडर आहे, स्क्विड या जुन्या प्रॉक्सीने रूढ केलेला. 2014 मध्ये याच कामासाठी 'फॉरवर्डेड' नावाचा प्रमाणित हेडर आला, पण रोजच्या वापरात अजूनही जुनाच चालतो.

तिसरी सगळ्यांत त्रासदायक. ग्राहक आणि एंजिनएक्स यांच्यात एचटीटीपीएस आहे, एंजिनएक्स आणि गुनिकॉर्न यांच्यात साधे एचटीटीपी. सुरक्षा म्हणून जँगोत 'साधी रिक्वेस्ट आली तर एचटीटीपीएसवर पाठव' हे चालू केलेले असते. ग्राहक एचटीटीपीएसवर येतो, ॲपला ते साधे दिसते, ॲप म्हणते एचटीटीपीएसवर जा. ब्राउझर आधीच तिथे असतो, तो पुन्हा विचारतो, ॲप पुन्हा तेच सांगते. काही फेऱ्यांनंतर ब्राउझर हात टेकतो आणि रीडायरेक्ट फार झाल्याची तक्रार दाखवतो. 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हेडर पाठवायचा आणि जँगोच्या सेटिंगमध्ये त्याच्यावर भरवसा ठेवायला सांगायचे, ही दोन्ही कामे केली की हा फेरा थांबतो. हेडर न पाठवता नुसते सेटिंग केले तर काही उपयोग नाही.

बिघाड कळवणाऱ्या आकड्यांपैकी 413 सोपा आहे. एंजिनएक्स मुळात एक एमबीपेक्षा मोठा मजकूर स्वीकारत नाही, आजच्या फोनमधला एक फोटो याच्या कितीतरी पुढे जातो, 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ' वाढवा. 502 आणि 504 मात्र लोक एकाच मापाने मोजतात. 504 म्हणजे मागच्याने वेळेत उत्तर दिले नाही. एंजिनएक्स मुळात साठ सेकंद शांततेत काढतो. 502 म्हणजे मागचा भेटलाच नाही, किंवा बोलता-बोलता उठून गेला. आता असे धरा की एका अहवालाला पंचेचाळीस सेकंद लागतात. साठच्या आत आहे, तरी पडद्यावर 502 येतो. कारण गुनिकॉर्नची स्वतःची मुदत तीस सेकंदांची आहे. तिसाव्या सेकंदाला तो अडकलेल्या वर्करला मारून नवा उभा करतो आणि एंजिनएक्सच्या हातात तुटलेली जोडणी राहते. एंजिनएक्सची मुदत साठवरून तीनशे केली तरी काही फरक पडत नाही, आणि अनेक जण नेमके तेच करतात. माझे मत विचाराल तर दोन्ही मुदती वाढवणे ही मलमपट्टी आहे. पंचेचाळीस सेकंदांचे काम रिक्वेस्टमध्ये करूच नये. ते सेलरीसारख्या मागच्या रांगेत टाकावे आणि ग्राहकाला 'अहवाल तयार होतोय' एवढे सांगून मोकळे व्हावे.

502 चे खरे कारण एंजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये एका ओळीत लिहिलेले असते. 111 हा आकडा आणि जोडणी नाकारल्याचा उल्लेख असेल तर गुनिकॉर्न चालूच नाही किंवा भलत्याच पोर्टवर आहे. 13 असेल तर परवानगी नाही. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर बहुधा एसईलिनक्सने वेब सर्व्हरला दुसऱ्या पोर्टशी बोलायला मनाई केलेली असते. त्यासाठी 'एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट' हा एक खटका चालू करणे पुरते. अख्खे एसईलिनक्सच बंद करून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये.

आता भरवशाचा मुद्दा. ॲप जे हेडर खरे मानते, ते कुणीही लिहू शकतो. 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर'मध्ये खोटा पत्ता घालून रिक्वेस्ट पाठवायला एक ओळ पुरते. एंजिनएक्सची नेहमीची रीत अशी की ग्राहकाने या हेडरमध्ये पाठवलेल्या पत्त्यांच्या यादीच्या शेवटी तो स्वतःला दिसलेला पत्ता जोडतो. म्हणून पुढे तुमचा एकच प्रॉक्सी असेल, तर शेवटचा पत्ता तेवढा विश्वासाचा; यादीतला पहिला पत्ता उचलणारे ॲप फसते. आणि बाहेरच्या माणसाला एंजिनएक्स टाळून थेट 8000 वर येता आले, तर यादीतला एकही पत्ता विश्वासाचा राहत नाही. टॉमकॅटच्या लोकांनी असा फटका खाल्लेला आहे. अपाचेकडून टॉमकॅटकडे रिक्वेस्ट नेण्यासाठी एजेपी नावाची खास भाषा होती, पोर्ट 8009. पलीकडे आपलाच वेब सर्व्हर असणार असे गृहीत धरून टॉमकॅट तिच्यावर जास्त विश्वास टाकायचा, आणि हे पोर्ट मुळातच सर्व पत्त्यांवर उघडे असायचे. फेब्रुवारी 2020 मध्ये 'घोस्टकॅट' या नावाने ही त्रुटी जाहीर झाली: 8009 पर्यंत पोहोचणारा कुणीही ॲपच्या आतल्या फाइली, कॉन्फिगसकट, वाचू शकत होता. त्यानंतरच्या आवृत्त्यांत एजेपी मुळात बंद ठेवले गेले आणि चालू करायचे तर गुप्त शब्द ठरवणे सक्तीचे झाले.

तेव्हा हे वाचन बाजूला ठेवून एक काम कराच. आपल्या सर्व्हरवर 'एसएस -एलटीएनपी' ही आज्ञा द्या आणि 8000 च्या अलीकडे काय लिहिले आहे ते पाहा. 127.0.0.1 असेल तर ठीक. 0.0.0.0, म्हणजे सर्व पत्त्यांवर उघडे, असेल तर गुनिकॉर्नची 'बाइंड'ची ओळ आजच बदला आणि फायरवॉलमध्ये 8000 बंद आहे याचीही खात्री करून घ्या.